रात्रीचं पळणं आधी थांबव

ताई, नमस्कार. मी चेंबूरचा, वय २०. अग्निवीर म्हणून निवड झाली, ट्रेनिंगला गेलो. सातव्या आठवड्यात उजव्या नडगीत दुखायला लागलं. वाटलं, नवा बूट आहे, होईल सवय. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारपण नोंदवून डॉक्टरांकडे, गेलो तर एक्स-रे नॉर्मल आला. ट्रेनिंग देणारे उस्ताद सगळ्यांसमोर कामचोर म्हणाले. मग गप्प बसलो आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्राकडून दुखण्याच्या गोळ्या घेऊन पळत राहिलो. दोन आठवड्यांनी पाठीवर ओझ्याचा पिठ्ठू लावून मार्च होता, त्यात पाय टेकवेना. एमआरआय केला, स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेला तडा. सहा आठवड्यांची सिक लीव्ह मिळाली, बॅच पुढे गेली, मला ज्युनियर बॅचला टाकलं. घरी येऊन चार आठवडे झाले. दुखायचं थांबलं म्हणून आठवडाभर रात्री आई झोपली की घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावर पळायला जात होतो. परवापासून पुन्हा त्याच जागी दुखतंय. दोन आठवड्यांनी परत जायचंय, तिथे मेडिकल होईल. खरं सांगितलं तर घरी पाठवतील का? गोळी खाऊन मेडिकल दिलं तर चालेल का? इमारतीतले लोक विचारतात, पळून आलास का रे. धाकटी बहीण नेव्हीच्या अग्निवीरची तयारी करते, रोज दहा किलोमीटर पळते. तिलाही असंच होईल का?

— एक रंगरूट

तुझं नाव आणि केंद्राचं नाव छापलेलं नाही, त्याची काळजी करू नकोस.

आज रात्री पळायला जायचं नाही. उद्याही नाही. बाकीचं सावकाश वाच, एवढं मात्र आत्ता ठरव.

विश्रांतीत शांत झालेला पाय पळायला लागल्यावर त्याच जागी दुखतोय, म्हणजे हाड अजून भरलेलं नाही असंच धरून चालायचं. दुखणं थांबतं ते भार कमी झाल्यामुळे. हाड जुळायला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि ह्या दोन तारखांच्या मधल्या फटीतच तुझ्यासारखी उत्साही मुलं सापडतात. माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत भरतीच्या मोसमात जी पोरं येतात त्यांतली बरीचशी ह्याच फटीतली असतात. पहिल्या दुखण्याला आलेली कमी, बरं वाटलं म्हणून पळालेली जास्त.

एक साधी तपासणी घरी कर. खाली बस, अंगठा नडगीच्या आतल्या कडेवर घोट्याजवळ ठेव आणि दाबत दाबत वर सरकव. एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत नेमकी कळ येते, की वीतभर पट्टा हुळहुळतो? पट्टा हुळहुळत असेल तर ते बहुधा हाडावरच्या आवरणाचं आणि त्याला जोडलेल्या स्नायूंचं दुखणं असतं, पळणारी मुलं ज्याला शिन म्हणतात ते. नेमकी एकच जागा बोट लावताच झोंबत असेल, आणि तीच जागा एमआरआयवर दाखवलेली असेल, तर मेडिकलच्या तारखेची वाट पाहू नकोस. त्या पायावर उडी मारून बघायचा मोहही नको. ती परीक्षा डॉक्टरांसमोर द्यायची असते आणि तीही दाबून दुखायचं थांबल्यावर.

रजेवर असलेल्या माणसाला त्रास झाला तर जवळचं लष्करी रुग्णालय गाठता येतं. मुंबईत ते कुलाब्याला, आर. सी. चर्चजवळ, नौदलाचं आयएनएचएस अश्विनी. एमआरआयची सीडी, डिस्चार्जचा कागद, सिक लीव्हचा कागद आणि ओळखपत्र एका प्लॅस्टिकच्या फाइलीत घे आणि ह्याच आठवड्यात जा. सकाळच्या हार्बर लोकलमध्ये लोंबकळत जायचं नाही, फलाट आणि डबा यांच्यामधली उडी ह्या पायाला नको. घरातल्या कोणाला तरी बरोबर घे आणि टॅक्सी कर. साधं चालतानाही दुखत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर उद्याच जा, आणि तोवर त्या पायावर भार टाकू नकोस.

आता तुझ्या मनात जे खरं सलतंय त्याकडे येते. कामचोर.

हाडाचं हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं तेच एका लष्करी डॉक्टरने. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्टने १८५५ साली लांब कूच करून आलेल्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांविषयी लिहिलं. हाडात तडा आहे हे दाखवायचं साधनच तेव्हा नव्हतं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, आणि दोन वर्षांत, १८९७ ला, श्टेखोने अशाच शिपायांच्या पावलांतला तडा एक्स-रेवर दाखवला. मधल्या चाळीस वर्षांत किती जणांना अंगचोर ठरवलं गेलं असेल देव जाणे. आज एक्स-रे आहे तरी फसगत तीच होते, कारण पहिले दोन-तीन आठवडे तो बहुतेक वेळा स्वच्छ येतो. एक्स-रेवर पुढे जे उमटतं ते मुख्यतः तडा भरून काढायला आलेलं नवं हाड. ते यायलाच वेळ लागतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज लवकर दिसते. तेव्हा तुझा पहिला एक्स-रे नॉर्मल आला यात डॉक्टरांचा दोष काढण्यासारखं काही नाही. चुकलं ते नॉर्मल एक्स-रेचा अर्थ 'पाय ठणठणीत' असा लावला गेला तिथे. उस्तादांचं म्हणशील तर पन्नास पोरांतून खरं कोण आणि सोंग करणारा कोण हे त्यांना रोज ओळखायचं असतं. त्यांचा शब्द मनाला लागला हे समजतं, पण त्या शब्दासाठी पाय पणाला लावू नकोस.

दुखणं सातव्या आठवड्यातच का आलं? हाड भाराला कसं उत्तर देतं ते समजून घे. नवा भार पडायला लागला की शरीर आधी जुनं हाड जागोजागी कुरतडून काढतं आणि मग तिथे नवं, जास्त भक्कम हाड घालतं. महापालिका रस्ता काँक्रीटचा करते तसंच, आधी खोदाई, मग भराव, मग ते मुरेपर्यंत थांबणं. खोदाई झपाट्याने होते, भरावाला आठवडे लागतात. ट्रेनिंगच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच पोरांच्या नडग्या अर्ध्या खोदलेल्या अवस्थेत असतात आणि नेमकं तेव्हाच ड्रिलही वाढतं, पळणंही आणि पाठीवरचं ओझंही. स्नायू आणि दम चार-सहा आठवड्यांत सुधारतात, त्यामुळे माणसाला आपण तयार झालो असं वाटतं. हाड मागे राहिलेलं असतं. तो फरक वाढत गेला की आधी हुळहुळणं येतं, मग बोटाएवढी कळ, मग तडा. बूट चावत नव्हता, बाळा.

त्यात ड्रिलचा वाटा लोक विसरतात. गुडघा उचलून लष्करी डीएमएस बुटाची टाच काँक्रीटवर आपटायची, दिवसाला शेकडो वेळा, आणि प्रत्येक वेळी तो हादरा सरळ नडगीत. पळण्याचे किलोमीटर सगळे मोजतात, टाचा कोणी मोजत नाही.

सगळ्या देशांच्या सैन्यांना ह्याने छळलंय. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात पायदळाच्या २९५ रंगरुटांवर १४ आठवडे बारीक लक्ष ठेवलं तेव्हा त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, बहुतेक नडगीत आणि मांडीच्या हाडात. धडधाकट, निवडून घेतलेली पोरं ती. त्यांनी पुढे कितीतरी उपाय करून पाहिले. उपयोगी ठरलं ते ऐकून तुला हसू येईल, रोज रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि मार्चचा एकूण भार कमी केला. फ्रॅक्चरं निम्म्याहून जास्त घटली. तेव्हा रात्री आई झोपल्यावर धावायला जाणं हे दोन्हीकडून उलटं आहे. भार वाढवतोस आणि झोप कमी करतोस.

गोळ्यांचं जरा नीट सांगते, कारण बॅरकमध्ये त्या शेंगदाण्यांसारख्या वाटल्या जातात हे माझ्याकडे येणारी मुलं सांगतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या जातीच्या गोळ्या दुखणं दाबतात, तडा तसाच राहतो. त्यात हाड भरण्याची सुरुवात ज्या रसायनांनी होते, त्यांतल्याच काहींना ह्या गोळ्या अडवतात. अमेरिकी लष्कराच्या नोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही औषधं लिहून दिलेल्या सैनिकांमध्ये पुढे स्ट्रेस फ्रॅक्चरचं निदान जास्त प्रमाणात झालेलं दिसलं, आणि सुरुवातीच्या ट्रेनिंगमधल्या मुलांत हा फरक आणखी ठळक होता. गोळीनेच हाड मोडतं असं यावरून सिद्ध होत नाही. ज्याचं आधीच दुखत होतं त्यालाच गोळी मिळाली असेल. पण पळण्याच्या आधी गोळी घेणं का वाईट हे कळायला एवढं पुरे. शिवाय उन्हात, घाम जाऊन, पाणी कमी पडलेल्या शरीरात ह्या गोळ्या मूत्रपिंडावर बेततात. डॉक्टरांनी दिलेली गोळी रात्री दुखण्यासाठी घेणं वेगळं. धावता यावं म्हणून घेतलेली गोळी आज कचऱ्यात टाक.

आणि म्हणूनच गोळी खाऊन मेडिकल देण्याच्या बेताला माझं उत्तर साफ नाही असं आहे. एक तर तो बेत जमणारही नाही. तुझा एमआरआय त्यांच्याकडे नोंदलेला आहे. डॉक्टर त्या जागेवर अंगठा दाबतील, एका पायावर उड्या मारायला लावतील, गरज वाटली तर पुन्हा एमआरआय करतील. हाडाची कळ गोळीने इतकी लपत नाही. दुसरं, समजा जमलं. पहिल्याच आठवड्यात ड्रिल, दुसऱ्यात पळणं, आणि अर्धवट भरलेली नडगी आरपार मोडली तर आत रॉड घालायचं ऑपरेशन करावं लागतं. मग आठवड्यांचा हिशोब महिन्यांवर जातो. आणि वैद्यकीय बोर्डासमोर तेव्हा जो पाय जाईल तो आजच्या पायापेक्षा फार वाईट असेल.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आत्ता तुझं दुखणं ट्रेनिंगमध्ये झालेलं म्हणून कागदावर आहे. तारीख आहे, एमआरआय आहे, सिक लीव्ह आहे. हा कागद तुझ्या बाजूचा साक्षीदार आहे. तीच नडगी उद्या रात्री साडेअकराला घाटकोपर-मानखुर्द रस्त्यावर मोडली तर ती कुठे, कशी आणि कोणाच्या सांगण्यावरून मोडली ह्या प्रश्नांना तुझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नसेल.

घरी पाठवतील का, हा निर्णय वैद्यकीय बोर्डाचा, माझा नाही. पण नडगीच्या आतल्या-मागच्या कडेचं स्ट्रेस फ्रॅक्चर, जे सगळ्यात जास्त आढळतं, ते वेळ दिला तर सहसा पूर्ण भरून येतं आणि मुलं पुन्हा धावतात. त्यासाठीच तर तुला रजा देऊन ज्युनियर बॅच दिली. काढूनच टाकायचं असतं तर बॅच कशाला दिली असती? नडगीच्या पुढच्या धारेचा तडा मात्र हट्टी असतो, तिथे जास्त वेळ लागतो आणि कधी ऑपरेशनही. तुझा नेमका कुठे आहे ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल, अश्विनीत विचारून घे.

डॉक्टरांना सांगताना गोलमाल करू नकोस. सरळ म्हण, सर, दुखायचं थांबलं होतं, मी सल्ल्याशिवाय रात्री पळायला सुरुवात केली, आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा दुखलं, आता चालताना असं आणि रात्री असं. ह्या तीन-चार वाक्यांत डॉक्टरांना लागणारी सगळी माहिती येते. ओरडा बसेल. बसू दे.

पुढे केंद्रात परत गेल्यावर एक गोष्ट आयुष्यभरासाठी लक्षात ठेव, स्वतःसाठी आणि शेजारच्या खाटेवरच्या मित्रासाठीही. जांघेत खोलवर दुखायला लागलं, पाय टाकताना लंगडायला झालं, तर त्याला स्नायू ओढला गेला असं समजून मालिश करत बसायचं नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळ, तडा असू शकतो. तो सरकला तर विशी-पंचविशीत खुब्याचं मोठं ऑपरेशन नशिबी येतं. त्याच दिवशी सिक रिपोर्ट, कोणी काहीही म्हणो. गुडघ्यापुढचं दुखणं, टाचेच्या शिरेचं दुखणं हे रंगरुटांना होतच असतं, त्रास देतं, पण बहुतेक वेळा भार कमी करून आणि व्यायामाने आटोक्यात येतं. त्यावर इथे जागा घालवत नाही.

आता परत उभं कसं राहायचं. हे सगळं डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, हे पुन्हा सांगते. आधीच्या सहा आठवड्यांचा हिशोबही आता विसर, ह्या आठवड्याच्या पळण्याने तो बिघडला आहे. रजा वाढवून मिळाली तर नाक न मुरडता घे.

तोपर्यंत दम टिकवायचा तर चेंबूरमध्येच महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य तरण तलाव आहे, माजी लष्करप्रमुखांच्या नावाचा. प्रवेश मिळाला तर डॉक्टरांना विचारून खोल भागात, तळाला पाय न लावता, पाण्यात धावण्याची क्रिया कर. दम लागतो आणि हाडावर जवळजवळ भार येत नाही. नाही मिळाला तर जिममधली एका जागची सायकल. वरच्या अंगाचा, पोटाचा, नितंबांचा व्यायाम चालू ठेव. पुल-अप्स काढायला पाय लागत नाहीत. फक्त बारवरून खाली उडी मारायची नाही, स्टूल ठेव.

चालणं बिनदुखण्याचं झालं की पोटऱ्या बांधायला घे. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडे ठेवून, कठडा धरून, टाचा सावकाश वर आणि सावकाश खाली. आधी दोन पायांवर, पुढे एका पायावर, काही वेळा गुडघे सरळ ठेवून आणि काही वेळा किंचित वाकवून, कारण वाकवल्यावर काम करणारा आतला स्नायू पळताना नडगीचा मोठा भार पेलतो. पोटरी दमली की हादरा हाडावर जातो, म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना पळण्यापेक्षा पोटऱ्यांवर जास्त पिळते. पळण्याआधी अर्धा अर्धा तास स्ट्रेचिंग करून दुखापत टळते असं मैदानावर सगळे मानतात. ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने दीड हजाराहून जास्त रंगरुटांवर हे तपासलं आणि २००० साली आलेल्या त्या अभ्यासात ताणून पळणारे आणि न ताणता पळणारे यांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ताणायचं तर ताण, पण पोटऱ्यांचं काम टाळायला ती सबब नको.

हाड दाबून दुखत नाही, अर्धा तास भरभर चालून दुखत नाही आणि डॉक्टरांसमोर त्या पायावर उड्या मारून दुखत नाही, हे तिन्ही जमलं की मग धावणं. एक मिनिट हलकं पळ, चार मिनिटं चाल, असं पाच-सहा वेळा, एक दिवसाआड. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना नडगी काय म्हणते ते बघ. काही म्हणत नसेल तर पळण्याची मिनिटं थोडी वाढव, चालण्याची कमी कर. हाडाची कळ परत आली तर दोन दिवस थांबून एक पायरी खाली ये, आणि तरीही आली तर डॉक्टर. आधी अंतर वाढू दे, वेग नंतर, पिठ्ठू सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. केंद्रात हे तुझ्या हातात राहणार नाही, म्हणून जाताना डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने भार वाढवण्याची शिफारस लेखी घेऊन जा आणि एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्रातल्या दवाखान्यात, दाखव.

धावायला गांधी मैदानाची माती बरी, सपाट असेल तिथे. काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेला उतार असतो आणि एकच पाय सतत खाली पडतो, ते टाळ. जुहूच्या वाळूत पळून पाय पोलादी होतात असं भरतीच्या अकादम्यांत सांगतात. मऊ वाळूत पोटरी आणि टाचेची शीर जास्त राबतात आणि किनारा तिरका असतो. बऱ्या होणाऱ्या नडगीला ती जागा नव्हे. बूट साधे, पायाला आरामदायक, झिजले की बदलायचे. पावलाची कमान मोजून महागडे बूट विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. अमेरिकेच्या लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन कोअरने कमानीप्रमाणे बूट वाटून पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत.

खाण्याचं म्हणशील तर घरात बसलोय म्हणून जेवण कमी केलं असशील, वजन वाढेल ह्या भीतीने. करू नकोस. हाड भरायला अन्न लागतं. नाचणीची भाकरी, दूध-दही, अंडी, उसळी, तीळ, आणि मासे खात असाल तर काट्यासकट चावून खाता येतील असे छोटे मासे, सुकट. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घे. मुंबईत घराबाहेर ऊन भरपूर, पण ते अंगावर घेणारे कमी, आणि कमतरता सर्रास सापडते. औषधाचा डोस डॉक्टर ठरवतील, औषधाच्या दुकानातला पोरगा नाही. सिगारेट, तंबाखू असेल तर सोड. हाड भरायला त्याने उशीर होतो.

इमारतीतल्या लोकांना एक वाक्य पुरे आहे, ट्रेनिंगमध्ये पायाला फ्रॅक्चर झालं, सिक लीव्हवर आहे. जिन्यात उभं राहून एमआरआय समजावत बसू नकोस. बॅचचं दुःख मला कळतं. ज्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी केस कापून घेतले त्यांची ट्रेनिंग संपतानाची, शपथेची कसम परेड तुझ्याविना होणार, ते लागणारच. त्यांना फोन करत राहा. आणि आईला आज सांग. रात्री दार ओढून घेताना तिला कळत नाही असं तुला वाटतं, मला तशी खात्री नाही.

तुझ्या बहिणीची मात्र मला तुझ्याइतकीच काळजी वाटते. तुझा तडा निदान कागदावर आला आहे, तिचं तर कोणी बघतच नाही. नेव्हीच्या अग्निवीर चाचणीत मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत धावायचं असतं. त्यासाठी रोज दहा किलोमीटर कशाला? आठवड्यातून तीन-चार दिवस पळावं, त्यातला एक दिवस वेगाचा, दोन दिवस पायांच्या ताकदीचे, एक दिवस पूर्ण सुट्टी. चेंडूचे खेळ खेळत असेल तर सोडू नयेत. आधी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे खेळ खेळलेल्या रंगरुटांना स्ट्रेस फ्रॅक्चर कमी होतात असं इस्रायलमध्येच दिसलं आहे, कारण हाडाला सगळ्या दिशांनी हादरे खायची सवय झालेली असते.

ट्रेनिंगमध्ये मुलींना हे फ्रॅक्चर मुलांपेक्षा जास्त होतं. पुरुषांच्या टांगांशी टांग जुळवत मार्च करताना बुटक्या मुलीला पाऊल ताणून टाकावं लागतं, आणि तो ताण ओटीपोटाच्या हाडावर येतो. चिल्काला, नौदलाच्या ओडिशातल्या ट्रेनिंग केंद्रात, गेल्यावर जांघेत किंवा ओटीपोटाच्या हाडाशी दुखलं तर तिने गप्प बसू नये. अमेरिकी नौदलाच्या महिला रंगरुटांना आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं तेव्हा स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण २० टक्क्यांनी कमी झाले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तिचंही दूध-नाचणी आणि रक्ततपासणी तुझ्याबरोबरच होऊ दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पळणं वाढवल्यापासून तिची पाळी लांबली असेल किंवा थांबली असेल तर ते फिटनेसचं लक्षण नव्हे. खाणं पळण्याला पुरत नाही आणि हाडं पातळ व्हायला लागली आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला तेवढं कारण पुरे. हे तू तिला विचारायला लाजशील, तीही तुला सांगणार नाही. हे उत्तर तिच्या फोनवर पाठव, आणि वाटलं तर तिने मला वेगळं पत्र लिहावं.